इनटेक बदलल्यावर पुन्हा पुन्हा लागणारा इंजिनचा दिवा : सोलापुरातील एका गाडीची सहा महिन्यांची नोंद

आवाज चांगला यावा म्हणून एअर फिल्टरचा मूळ डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवला, पहिले तीन आठवडे मजेत गेले, मग इंजिनचा पिवळा दिवा लागला, मेस्त्रींनी हवा मोजणारा सेन्सर धुऊन तो घालवला आणि पंधरा-वीस दिवसांनी तो पुन्हा हजर झाला, अशी ज्यांची गत झाली आहे त्यांच्यासाठी हे टिपण लिहीत आहे. माझ्या गाडीत हा प्रकार जानेवारीतील गड्ड्याची यात्रा संपल्यावर सुरू झाला आणि जूनपर्यंत पाच वेळा घडला. या काळात सेन्सर तीनदा धुतला, एकदा नवा टाकला, प्लग बदलले आणि एकदा पेट्रोल खराब असल्याचे ठरवून टाकीही उतरवली. यातील प्रत्येक उपायाने गाडी काही दिवस बरी झाली, आणि नेमक्या त्याच गोष्टीने आम्हाला इतके दिवस चकवले.

गाडी दीड लिटरची, चार सिलिंडरची, टर्बो नसलेली पेट्रोल सेडान आहे आणि तिच्या इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेवर, आत येणारी हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर आहे. हे आधी सांगण्याचे कारण असे की ज्या गाड्यांत हा सेन्सर नसून मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधील, दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, त्यांना पुढील मजकुरातील पाइपच्या व्यासाचा आणि ब्रीदरचा (इंजिनाला श्वास देणाऱ्या नळीचा) हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. त्यांनी गरम हवा आणि धूळ यांबद्दलचा भाग तेवढा घ्यावा. आपल्या गाडीत काय आहे हे ओळखायला सोपे आहे. फिल्टरच्या डब्यातून बाहेर पडणाऱ्या पाइपवर, डब्याला लागूनच, चार-पाच तारांचे कनेक्टर असलेला सेन्सर दोन स्क्रूंनी बसवलेला असेल तर तो बहुधा एअरफ्लो सेन्सर असतो.

लक्षणे अशी होती. सकाळी थंड गाडी सुरळीत सुरू होई. इंजिन तापल्यावर सात रस्त्याच्या सिग्नलला थांबले की आरपीएमचा काटा सहाशे ते अकराशे यांदरम्यान झोके घेई आणि एसीचा कॉम्प्रेसर लागण्याच्या क्षणी कधी कधी गाडी बंदच पडे. चालत्या गाडीत पिकअप कमी वाटे, पण मिसिंग नव्हते. स्कॅनरवर दर वेळी पी ०१७१ हाच कोड येई, ज्याचा अर्थ मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. दोनदा त्याच्या जोडीला पी ०१०१ आला, जो एअरफ्लो सेन्सरच्या मापाबद्दल शंका घेतो. हा दुसरा कोड पाहिल्यावर कोणीही सेन्सरकडेच बोट दाखवील, आणि मेस्त्रींनी तेच केले. “मालक, सेन्सर उडालाय. धुऊन बघू, नाही जमलं तर नवीन टाकू. कशाला टेन्शन घ्यायलाव?” असे ते म्हणाले. त्यांचा दोष मी मानत नाही. कोड काय सुचवतो आणि बिघाड कुठे आहे यांतील अंतर मोजायला जो वेळ लागतो, तो चालू गॅरेजमध्ये कोणाकडेच नसतो.

दिवा जातो आणि परत येतो तो का

आधी हे समजून घेतले पाहिजे, कारण ते न समजल्यामुळे आमचे पाच महिने गेले. इंजिनचा संगणक सायलेन्सरच्या बाजूच्या ऑक्सिजन सेन्सरकडून सतत चाचपणी करत असतो. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने १४.७ भाग हवा हे प्रमाण त्याला राखायचे असते. मोजलेल्या हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे असे दिसले की तो इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो आणि ही वाढ टक्क्यांत नोंदवून ठेवतो. या नोंदीला फ्यूएल ट्रिम म्हणतात. क्षणाक्षणाला बदलणारी ती शॉर्ट टर्म, आणि मुरलेली, लक्षात ठेवलेली ती लाँग टर्म. दोन्हींची बेरीज अधिक-उणे दहाच्या आत असेल तर चिंतेचे कारण नाही. बहुतेक गाड्यांत ती अधिक पंचवीसच्या आसपास गेली की संगणक हात टेकतो, आणि सहसा सलग दोन प्रवासांत तेच दिसले की दिवा लावतो.

आता गॅरेजमध्ये काय होते ते पाहा. मेस्त्री काहीतरी दुरुस्त करतात आणि स्कॅनरने कोड पुसतात, किंवा बॅटरीची तार काढून परत लावतात. कोडबरोबर ही मुरलेली नोंदही शून्यावर येते. संगणकाला पुन्हा सगळे शिकायला काही दिवस लागतात, आणि तेवढे दिवस दिवा लागत नाही. म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली काचेवरची धूळ पुसली असती तरी गाडी आठवडाभर बरीच दिसली असती. आमच्या बाबतीत प्लग बदलल्यावर गाडी नऊ दिवस शहाण्यासारखी वागली, म्हणून दोष प्लगांचाच होता असे मी चार जणांना ठणकावून सांगूनही आलो होतो.

यासाठी पहिले काम म्हणजे कोड पुसण्याआधी ट्रिमचे आकडे वहीत उतरवणे. एप्रिल २०१३ नंतरच्या पेट्रोल गाड्यांना स्टिअरिंगखाली ओबीडीचे, म्हणजे संगणकातील नोंदी वाचण्याचे, सॉकेट असते आणि हजाराच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथचा अडॅप्टर फोनवर हे आकडे दाखवतो. इंजिन पूर्ण तापलेले असताना तीन ठिकाणी आकडे घ्यावेत : गाडी उभी आणि आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय न ठेवता चालू असताना, उभ्या गाडीत २५०० आरपीएम स्थिर धरून, आणि चढावर भार देऊन. तिसऱ्यासाठी मी जुळे सोलापुरातून निघून तुळजापूरच्या घाटापर्यंत सुमारे ४५ किलोमीटर जात असे, दर वेळी रविवारी सकाळी सहा वाजता, कारण वाट आणि हवेचे तापमान सारखे असल्याशिवाय दोन आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

आकड्यांचा अर्थ लावण्याची रीत साधी आहे. आयडलला ट्रिम खूप वर आणि आरपीएम वाढवताच खाली येत असेल, तर सेन्सरच्या पुढून कुठून तरी न मोजलेली हवा आत शिरते आहे. आयडलला एकूण हवाच कमी असल्यामुळे तेवढीशी गळतीही मोठी ठरते आणि आरपीएम वाढल्यावर ती बुडून जाते. ट्रिम सगळीकडे सारखी वर असेल किंवा भाराबरोबर वाढत असेल, तर सेन्सर हवा कमी मोजतो आहे किंवा पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे. माझे आकडे दिवा लागलेला असताना असे होते : आयडलला अधिक २६, २५०० वर अधिक २०, घाटात अधिक १८. सेन्सर धुतल्यावर, शंभर किलोमीटर चालवून पुन्हा पाहिले तेव्हा ते अनुक्रमे २१, १५ आणि १३ झाले होते.

या दुसऱ्या ओळीने मला जागे केले. सेन्सर स्वच्छ, दिवा बंद, गाडी बरी, आणि तरी आयडलला ट्रिम २१. घागर आधीच काठोकाठ भरलेली होती; सेन्सरवरची घाण ही वरची ओंजळ होती आणि आम्ही पाच महिने तीच ओंजळ काढत होतो. घागर कशाने भरली ते शोधायचे तर एका वेळी एकच गोष्ट बदलायला हवी होती. सगळे एकदम परत बसवले असते तर गाडी त्याच दिवशी बरी झाली असती, पण कारण कळले नसते, आणि मला तर आवाजही हवा होता.

ओंजळ कुठून येत होती

आधी घाणीचे पाहू, कारण ती डोळ्यांना दिसली. कोन फिल्टर सुती जाळीचा, तेल लावून वापरायचा होता. माझी गाडी दिवसभर ज्या कारखान्यापुढे उभी असते तिथे टॉवेलचे माग चालतात आणि एक्झॉस्ट पंख्यातून सुताची बारीक तूस सतत बाहेर पडत असते. मूळ डब्यात फिल्टर बंदिस्त असतो; उघड्या कोनावर बॉनेटच्या फटींतून आलेली तूस येऊन बसते आणि तेलाला चिकटते. मे महिन्यात फिल्टर काढला तेव्हा त्याच्या घड्यांवर गुलाबी साय धरली होती, कारण त्या आठवड्यात मागावर गुलाबी टॉवेल होते. ती साय बाहेरच्या बाजूला होती, त्यामुळे तिच्याने मोठे नुकसान नव्हते. काळजीची गोष्ट आत होती. फिल्टरनंतरच्या पाइपमध्ये पांढरा रुमाल फिरवला तर त्यावर तेलकट तपकिरी पट्टा उमटला, आणि सेन्सरच्या केसासारख्या तारेवर भिंगातून पाहिले तर दोन तंतू आणि चिकट थर स्पष्ट दिसला. ही तार विजेने तापवलेली असते आणि वाहत्या हवेने ती किती थंड होते यावरून हवा मोजली जाते. तिच्यावर तेलाचे पांघरूण पडले की ती पुरेशी थंड होत नाही आणि संगणकाला वाटते की हवाच कमी आली.

मग तेल आले कुठून? तर दर वेळी सेन्सर धुताना मेस्त्रींचा पोरगा कोन फिल्टरही धुऊन त्याला नव्याने तेल पाजत होता, आणि तेही अगदी ठिबकेपर्यंत. दुरुस्तीतच पुढच्या बिघाडाची पेरणी होत होती. बेताने तेल लावून रात्रभर मुरू दिलेल्या फिल्टरने सेन्सर खराब होतोच असे नाही, पण गॅरेजच्या घाईत बेत कोण सांभाळणार? ज्यांना कोनच ठेवायचा आहे त्यांनी तेलाविना चालणारा, कोरडा फिल्टर घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

सेन्सर धुण्याबद्दल एवढेच सांगतो : त्यासाठी मिळणारा एअरफ्लो सेन्सर क्लीनरच वापरावा. कार्ब्युरेटर किंवा ब्रेकचा क्लीनर मारू नये, तारेला कापूस, ब्रश किंवा बोट लावू नये, आणि फवारल्यावर निदान पंधरा मिनिटे वाळू द्यावे. आमचा एक सेन्सर बहुधा कॉम्प्रेसरच्या हवेने वाळवताना गेला. नवा का टाकावा लागला त्याचे खरे उत्तर ते असावे.

ब्रीदरची नळी

घागर भरणारी पहिली गोष्ट अंगठ्याएवढी होती. कोन फिल्टर आणि त्याचा नवा पाइप असे किट बसवताना व्हॉल्व्ह कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून, मूळ इनटेक पाइपला जाणारी रबरी नळी नव्या पाइपला जुळत नव्हती. म्हणून ती काढून टाकली, पाइपचे तोंड बुचाने बंद केले आणि कव्हरच्या नळकांडीवर एक छोटा लाल फिल्टर बसवला. दिसायला तो झकास दिसतो. कितीतरी गाड्यांत तो असाच बसवलेला मी पाहिला आहे.

पण ती नळी शोभेची नसते. पिस्टनच्या कडांनी खाली उतरणारे वायू क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, साठू नयेत म्हणून मॅनिफोल्ड ते पीसीव्ही नावाच्या छोट्या व्हॉल्व्हमधून ओढून घेतो आणि त्यांच्या जागी ताजी हवा या नळीतून आत येते. मूळ मांडणीत ही ताजी हवा सेन्सरच्या पुढून, म्हणजे आधीच मोजून झालेल्या हवेतून घेतलेली असते. छोटा फिल्टर बसवला की तीच हवा बॉनेटखालून, न मोजता येते. आयडलला थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी हवेची झडप, जवळजवळ बंद असल्याने मॅनिफोल्डची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून या चोरवाटेचा परिणामही तिथेच सर्वांत जास्त होतो. शिवाय झटकन पाय सोडल्यावर क्रँककेसमधली वाफ त्या फिल्टरमधून बॉनेटखाली येते आणि एसीतून तेलाचा वास गाडीत शिरतो. तो वास मला फेब्रुवारीपासून येत होता, आणि मी तो पुढच्या ट्रकचा समजत होतो.

पहिल्या रविवारी मी एवढेच केले. नव्या पाइपला योग्य मापाची नळकांडी बसवून घेतली, तेल सहन करणारी नळी आणली आणि दोन्ही टोकांना क्लिपा लावून जोडली. साधी पाण्याची नळी इथे वापरू नये, ती तेलाच्या वाफेने महिनाभरात मऊ पडून पिचकते. कोड पुसला, शंभर किलोमीटर चालवली, आकडे पाहिले : आयडलला १३, २५०० वर १३, घाटात १३. आयडलचा झोका थांबला आणि एसी लागल्यावर बंद पडणेही थांबले. खरे तर दिवाही कदाचित पुन्हा लागला नसता. पण सगळीकडे एकसारखे तेरा टक्के म्हणजे सेन्सर सगळीकडे एकसारखीच हवा कमी मोजत होता, आणि हे घाणीचे लक्षण नव्हते, कारण तार स्वच्छ होती.

ज्यांच्या गाडीत ब्रीदर जागेवर आहे आणि तरी आयडलची ट्रिम वर आहे, त्यांनी सेन्सरपासून इंजिनपर्यंतचे सगळे सांधे तपासावेत. सिलिकॉनचे जोड प्रमाणाबाहेर आवळले की क्लिपेच्या कडेखाली कापले जातात. मूळ रबरी बेलोची, म्हणजे घड्यांच्या पाइपची, भेग घडीच्या तळाशी असते आणि इंजिन हलल्यावरच उघडते, म्हणून बेलो काढून हाताने ताणून पाहावा. धूर सोडून गळती शोधण्याचे यंत्र असलेले गॅरेज मिळाले तर उत्तम. नाहीतर आयडलवर प्रत्येक सांध्याला साबणाचे पाणी लावावे. गळती असेल तर क्षणभर आरपीएम बदलतो. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा क्लीनर फवारून गळती शोधणारे आहेत, आणि उदबत्ती घेऊन उभे राहणारेही मी पाहिले आहेत. हे दोन्ही करू नये, विशेषतः एकाच वेळी.

चार मिलिमीटर

दुसरी गोष्ट शोधायला व्हर्नियर कॅलिपर लागला. मूळ डब्याच्या तोंडाशी, जिथे सेन्सर बसतो, तिथला आतला व्यास ६४ मिलिमीटर होता. किटच्या ॲल्युमिनियम पाइपचा त्याच जागी ६८. चार मिलिमीटरचा फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते, आणि ६८ चा वर्ग भागिले ६४ चा वर्ग हे उत्तर १.१३ येते. सेन्सरची तार पाइपमधून जाणारी सगळी हवा मोजत नाही. ती आपल्यावरून जाणाऱ्या हवेचा नमुना घेते आणि संगणक त्यावरून मूळ व्यास गृहीत धरून एकूण हवा काढतो. पाइप रुंद झाला की तेवढीच हवा संथ वाहते, तार कमी थंड होते आणि एकूण हवा सुमारे साडेअकरा टक्क्यांनी कमी मोजली जाते. ती भरून काढायला पेट्रोल तेरा टक्क्यांनी वाढवावे लागते. वहीतला आकडा आणि कॅलिपरचा आकडा एकच निघाला तेव्हा मी तो हिशेब दोनदा तपासला.

याची दुसऱ्या बाजूनेही खात्री करता येते. दीड लिटरचे इंजिन ४००० आरपीएमला दर सेकंदाला ५० लिटर हवा ओढू शकते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर आहे, त्यामुळे ४० अंशांच्या हवेत लिटरला साधारण १.०७ ग्रॅम वजन भरते. सिलिंडर पूर्ण भरत नाहीत हे धरून ८५ टक्के घेतले तर सेकंदाला सुमारे ४५ ग्रॅम हवा दिसायला हवी. तिसऱ्या गिअरमध्ये, घाटात, पाय पूर्ण दाबून ४००० ला माझा स्कॅनर ४० दाखवत होता. ही ढोबळ पद्धत आहे, दोन-तीन ग्रॅमवर भांडू नये, पण तुमच्या इंजिनाचे लिटर घालून गणित करा आणि आकडा दहा टक्क्यांहून जास्त कमी येत असेल तर पाइप मोजा.

किट विकणारे बहुधा सांगतात की संगणक आपोआप जुळवून घेतो. ते अर्धेच खरे आहे. ऑक्सिजन सेन्सर पाहून जुळवणे हलक्या भारावर चालते. पाय पूर्ण दाबला की अनेक गाड्यांचा संगणक ऑक्सिजन सेन्सर बाजूला ठेवून मोजलेल्या हवेवर आणि जुन्या नोंदीवर विसंबतो, आणि नेमके तेव्हाच मिश्रण पातळ असणे इंजिनाला सर्वांत घातक असते. यावर दोनच प्रामाणिक उपाय आहेत : मूळ व्यासाचा भाग परत बसवणे, किंवा नव्या पाइपसाठी संगणकातील सेन्सरचे कोष्टक ट्यूनरकडून, म्हणजे संगणकाच्या नोंदी बदलून देणाऱ्याकडून, बदलून घेणे. दुसऱ्या रविवारी मी पहिला उपाय केला आणि आयडल, २५०० व घाट या तिन्ही ठिकाणी ट्रिम शून्य ते अधिक दोन यांदरम्यान आली.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा आणखी एक त्रास सुरू झाला होता, ज्याचा कोडशी संबंध नव्हता. दुपारी आसरा चौकाच्या गर्दीतून बाहेर पडून जरा पाय दाबला की इंजिनमधून खडे खुळखुळल्यासारखा बारीक आवाज येई. ते नॉकिंग होते, म्हणजे सिलिंडरमधले मिश्रण उष्णतेने आपोआप पेटत होते. स्कॅनरवर बाहेरची हवा ४१ अंश आणि इनटेकची हवा ६८ अंश दिसत होती, कारण उघडा कोन रेडिएटरच्या मागची तापलेली हवा पीत होता. ४१ वरून ६८ वर गेलेल्या हवेची घनता आठ टक्क्यांनी कमी होते, आणि नॉकिंग टाळण्यासाठी संगणक स्पार्क उशिरा देतो ते वेगळे. म्हणजे आवाज वाढला आणि गाडी मंदावली. मूळ डबा बॉनेटच्या पुढच्या कडेपाशी नळी काढून बाहेरची हवा घेतो. डबा परत बसवल्यावर चालत्या गाडीत इनटेकचे तापमान बाहेरच्यापेक्षा सहा-सात अंशच जास्त राहू लागले.

गार हवेसाठी फिल्टर बंपरच्या मागे, खाली नेणारे पाइप मिळतात. सप्टेंबरचा परतीचा पाऊस एका तासात रस्त्याचा ओढा करतो, हे ज्यांनी इथे अनुभवले आहे त्यांनी ते घेऊ नयेत. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून पाहणे हे तर त्याहून वाईट.

मग आवाजाचे काय

सगळे मूळ जागी बसवल्यावर गाडी निरोगी झाली आणि मुकीही झाली. इथे आवाज कुठून येतो ते पाहणे उपयोगी पडते. इनटेक व्हॉल्व्ह उघडला की हवेच्या स्तंभाला हिसका बसतो. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात असे दोन हिसके, म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला शंभर आणि ४५०० ला दीडशे. घोगरा, घुमणारा म्हणून आपल्याला जो आवाज आवडतो तो हाच. तो दाबण्यासाठी कंपनी इनटेकच्या नळीला एक बंद पोकळ डबा अरुंद मानेने जोडते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारल्यावर ती जशी एका ठरावीक सुरात वाजते, तसा हा डबा त्याच्या सुराजवळच्या लहरींना उलट्या दिशेने उत्तर देऊन शांत करतो. याला रेझोनेटर म्हणतात. हवा गाळण्याशी किंवा मोजण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

माझ्या गाडीत तो फिल्टरच्या आधीच्या नळीवर होता, म्हणून काम सोपे झाले. तिसऱ्या रविवारी एक बोल्ट आणि एक खाच सोडवून तो काढला आणि मोकळ्या भोकात रबरी बूच घट्ट बसवून वरून क्लिप आवळली. ते भोक उघडे ठेवले असते तर मोजमाप बिघडले नसते, पण बॉनेटखालची गरम हवा आणि तूस पुन्हा सुरू झाली असती. काही गाड्यांत मात्र रेझोनेटर सेन्सर आणि थ्रॉटल यांच्यामध्ये असतो. तिथे हात घालण्याआधी विचार करावा, कारण त्या भोकातून शिरलेली हवा गाळलेलीही नसते आणि मोजलेलीही नसते. मिश्रण पातळ होईल आणि धुळीने रिंगा व सिलिंडर घासले जातील.

परिणाम असा की गावात हळू चालवताना आवाजात काहीच फरक नाही. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांच्या वर पाय दाबला की पुढून एक भरीव घूं येतो, जो कोन फिल्टरच्या निम्म्याने असेल, पण सूर तोच आहे. थ्रॉटल उघडा असतानाच तो येतो, पाय सोडला की जातो, आणि बाहेरच्या माणसाला फारसा ऐकू येत नाही. घरच्यांनीही तक्रार केलेली नाही, जी कोनच्या काळात रोजची होती.

कायद्याचे थोडक्यात सांगायचे तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या तपशिलाशी विसंगत फेरबदल गाडीत करता येत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली मालकाने केलेल्या अशा प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. रेझोनेटर काढणे त्यात मोडणारच नाही असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वॉरंटी चालू असेल तर तोही प्रश्न उभा राहू शकतो. मी काढलेला भाग, त्याचा बोल्ट आणि खाचेची टोपी डिकीत एका पिशवीत ठेवली आहे. परत बसवायला दहा मिनिटे लागतात.

ज्यांनी मूळ डबा भंगारात दिला आहे त्यांना जुना डबा मिळू शकतो, पण विकत घेताना कॅलिपर बरोबर न्यावा. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचे डबे बाहेरून सारखे दिसतात आणि सेन्सरच्या जागेचा व्यास मात्र वेगळा असू शकतो. डब्यावर कोरलेला पार्ट नंबर आपल्या गाडीच्या नंबराशी जुळवून पाहावा, झाकणाच्या चारही क्लिपा धरतात का ते बघावे, आणि फिल्टरच्या रबरी कडेला ग्रीसचे बोट फिरवून झाकण बंद करून उघडावे. झाकणाच्या कडेवर ग्रीसची रेघ सलग उमटली तर डबा घ्यावा. जिथे ती तुटलेली दिसेल तिथून तूस आत जाणार आहे.